खोडलेल्याखालची टिंबं

बाबा गुरुवारी गेले. सकाळी त्यांनी चहा घेतला, पेपर वाचला, टेबलावरच्या पानावर दोन खुणा केल्या. दुपारी त्यांना धाप लागली. आम्ही दवाखान्यात गेलो. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सांगितलं. मी घरी आले तेव्हा पान टेबलावर होतं आणि पानावर पेन होतं.

त्या पानाविषयी लिहायचं तर आधी माझ्या कामाविषयी लिहायला हवं. मी आकाशाच्या फोटोंवर काम करते. लोकांना वाटतं, मी रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसत असेन. मी दहाला झोपते. आमची दुर्बीण दुसऱ्या खंडातल्या एका डोंगरावर आहे आणि मी ती कधी पाहिलेली नाही. तिची नजर रुंद आहे. तिच्या एका फोटोत पौर्णिमेचे कितीतरी चंद्र शेजारीशेजारी मावतील. तिथून दिसणारं सगळं आकाश ती काही रात्रींत टिपून संपवते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. विद्यानगरला आमच्या गटाच्या दोन खोल्या आहेत. मी सकाळी तिथे पोचते तेव्हा फोटो येऊन पडलेले असतात.

मग वजाबाकी होते. नव्या फोटोतून त्याच जागेचा जुना फोटो वजा करायचा. जे जसंच्या तसं आहे ते निघून जातं. उरतो तो बदल. एखादा तारा उजळलेला असतो, एखादा विझत चाललेला असतो, कुठे दूरच्या दीर्घिकेत स्फोट झालेला असतो. पण उरलेलं सगळंच खरं नसतं. धूळ असते, उपग्रहाची रेघ असते, वजाबाकी नीट न जमल्याचा डाग असतो. अशा खोट्या ठिपक्यांना आमच्या कामात जगभर एकच शब्द आहे, बोगस. मी हे सांगितलं तेव्हा बाबा हसले होते. रेशनकार्डापासून डिग्रीपर्यंत खाली सगळीकडे चालणारा शब्द वरही चालतो, याचं त्यांना बरं वाटलं.

खरं कोणतं आणि बोगस कोणतं हे आता मशीन ठरवतं, कारण ठिपके इतके असतात की माणसांना पुरणार नाहीत. पण मशीनला आधी माणसांनी शिकवावं लागतं. कुणीतरी बसून हजारो ठिपके डोळ्यांनी बघायचे, हा खरा, हा बोगस असं सांगायचं, आणि त्या खुणा मशीनला द्यायच्या. कंटाळवाणं काम आहे. आमच्यात ते कोणी आवडीने करत नाही.

बाबा मुद्रितशोधक होते. मराठवाड्यातल्या शेतकरी घरातून ते शिकायला हैदराबादला आले, आणि चिक्कडपल्लीतल्या एका छापखान्यात मराठीची प्रुफं तपासायला लागले ते चाळीस वर्षं तिथेच. आजूबाजूला अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे सगळे तेलुगू. पुढे कॉम्प्युटर आले, मराठीची कामं कमी झाली, छापखानाच बंद झाला. तरी बाबा किराण्याच्या पुडीवरचा मजकूरही पेन घेऊन वाचायचे. आई गेल्यावर आम्ही दोघंच होतो. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण नल्लकुंट्याच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. चिक्कडपल्लीला जाणं बंद झालं, वाचनालय बंद झालं. मी संध्याकाळी घरी यायची तेव्हा ते समोरच्या होर्डिंगकडे बघत बसलेले असायचे. होर्डिंगवरच्या हिंदी ओळीत ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक होती. ती त्यांनी मला तीनदा सांगितली.

म्हणून मी त्यांना पानं आणून द्यायला लागले. एका पानावर सहा ओळी. प्रत्येक ओळीत तीन चौकोन, जुना फोटो, नवा फोटो, वजाबाकी. खाली बारीक आकडे. मशीनने ज्यांना बोगस ठरवलं असेल त्या ओळीवर तिरकी काट छापलेली यायची. मी बाबांना सांगितलं, खऱ्याला बरोबरची खूण करा, बोगसला फुली मारा, आणि कळत नसेल तिथे दुसरी काहीही खूण करा, चालेल. हे माझे शब्द होते. दुसरी काहीही.

ते त्या कामाला प्रुफं म्हणायचे. सकाळी आंघोळ झाली की खिडकीशी बसायचे, ओळीखाली फूटपट्टी ठेवायचे आणि एकेक चौकोन वाचायचे. वाचायचे, असंच म्हणायला हवं. त्यांचे ओठ हलायचे. मी आणलेली पानं जुन्या फोटोंची होती, त्यातून नवा शोध लागायचा नव्हता. हे मी त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांची त्याला हरकत नव्हती. त्यांचा प्रश्न एकच होता, आणि तो ते दर आठ-दहा दिवसांनी विचारायचे.

"मशीन शिकायलंय का काही माझ्याकडून?"

पहिल्या महिन्यात मी "हौ, शिकतंय" म्हणाले ते खरं होतं. त्यांच्या खुणा मी कॉम्प्युटरवर भरत होते. त्याच महिन्यात त्यांनी तीन पानं माझ्यासमोर पसरली आणि तीन ओळींवर बोट ठेवलं. खालचे आकडे बघ म्हणाले. ठिपका कॅमेऱ्यावर कुठे पडला हे सांगणारे ते आकडे होते आणि ते आमच्यातलंही कोणी वाचत नसे. तिन्ही ठिकाणी ते सारखेच होते. "तारा नाही हा," बाबा म्हणाले, "मोडका खिळा आहे." फर्म्यात, म्हणजे जुळवलेल्या पानांच्या चौकटीत, एक खिळा मोडका बसला की छापलेल्या प्रत्येक प्रतीवर त्याच जागी तोच डाग येतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. पण तुम्ही आकडे का वाचले, असं मी विचारणार इतक्यात तेच म्हणाले, छापलेलं सगळं वाचायचं असतं.

सोमवारच्या बैठकीत मी ते मांडलं. माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे, अशी सुरुवात केली. तपासल्यावर कॅमेऱ्याचा तो बिंदू खराब निघाला. माझं कौतुक झालं. घरी येऊन बाबांना सांगितलं की तुमचं बरोबर निघालं. त्यांनी विचारलं, "कोणी काढलं, असं विचारलं का कोणी?" मी म्हणाले, नाही, कोणी विचारलं नाही. हेही खरंच होतं. खरंच कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यापासून टिंबं यायला लागली. काट असलेल्या काही ओळींखाली बाबांनी लाल पेनने ओळीने टिंबं दिलेली असायची. एखाद्या पानावर एक, कधी दोन. मी कथा-कादंबऱ्या वाचणारी बाई. वाक्याच्या शेवटी टिंबं दिसली की पुढचं सांगता येत नाही, असा अर्थ मला शाळेपासून माहीत. मी ठरवून टाकलं की बाबांना इथे कळलेलं नाही. पुढे टिंबं वाढत गेली. त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं होतं, आणि मी दोन्हींची सांगड घातली. त्यांना दिसत नाही, म्हणून ते टिंबं देतात. टिंबं म्हणजे काय, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं तर त्यांना वाईट वाटेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज वाटतं, मी घाईत होते, एवढंच ते होतं.

मी त्यांच्या खुणा भरणं बंद केलं. पानं मात्र आणत राहिले, कारण पानं नसली की ते पुन्हा होर्डिंगकडे बघायचे. तपासलेली पानं मी पिशवीत घालून कचेरीत न्यायची आणि टेबलाच्या खालच्या खणात ठेवायची. मशीन शिकायलंय का, असं ते विचारायचे आणि मी हौ म्हणायची. एकदा त्यांनी विचारलं, माझी किती बरोबर येतात. मी भाकरी थापत होते. बरीचशी, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पुढे विचारलं नाही. चाळीस वर्षं चुका मोजलेल्या माणसाला "बरीचशी" हे उत्तर पुरलं असेल, असं मी का धरून चालले कोण जाणे.

एका रविवारी दुपारी माझ्या गटातली एक सहकारी जेवायला आली. ती वरंगलकडची. अंबाडीची भाजी केली होती. ती पुंटीकूर म्हणाली, बाबा अंबाडी म्हणाले, आणि भाजी एकच आहे यावर दोघांचं चटकन जमलं. जेवण झाल्यावर बाबांनी तिला आपलं टेबल दाखवलं. फूटपट्टी, लाल पेन, पानांचा गठ्ठा. ती कौतुकाने म्हणाली, "अंकल, आप भी हमारे डिपार्टमेंट में?" बाबा म्हणाले, "हौ. पर मेरेकू मीटिंग में नै बुलाते." आम्ही तिघंही हसलो.

तिने मग खरोखरच्या उत्सुकतेने मला विचारलं की अंकलच्या खुणा कुठल्या यादीत जातात, तिला कधी दिसल्या नाहीत. बाबा शेजारीच उभे होते, काठीवर हात ठेवून. मला उत्तर द्यायचं होतं आणि त्यांना कळू द्यायचं नव्हतं. म्हणून मी तेलुगूत बोलले.

"आयनकि कालक्षेपं, अंते."

त्यांचा वेळ जातो, एवढंच. तेलुगू लोकांमध्ये चाळीस वर्षं बसलेल्या माणसापासून लपवायला मी तेलुगू वापरली, आणि त्यातही असा शब्द निवडला जो मराठी माणसाला जसाच्या तसा कळतो. बाबांनी गठ्ठ्याच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि तिला विचारलं, चहात साखर किती.

चार-पाच दिवस गेले. मी त्यांच्या पायाची नखं कापत होते. कमरेमुळे त्यांना वाकता येत नसे. ते खिडकीबाहेर बघत होते.

"तेलुगूत शेवटी अनुस्वार देतात," ते म्हणाले. "कालक्षेपं. आपल्यात नुसतं कालक्षेप."

पाय माझ्या हातातच होता. मी मान वर केली नाही. मी म्हणाले, बाबा, मला तसं म्हणायचं नव्हतं.

"असू दे," ते म्हणाले. "अंगठ्याचं फार खोल नको घेऊ."

तेव्हा सांगता आलं असतं. खुणा मी भरत नाही, टिंबांचा अर्थ मला कळत नाही, तुम्ही सांगा. तीन वाक्यं होती. मी दुसरा पाय घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत नवी पानं नव्हती, मीच लाजेने काढली नव्हती, तर त्यांनी विचारलं, "आज प्रुफं नाही आणलीस?" संध्याकाळी मी वीस पानं आणली. ते पुढचे पाच महिने मी आणलेली पानं तपासत राहिले. मशीन शिकायलंय का, हे मात्र त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मलाही त्यामुळे सुटल्यासारखं वाटलं.

मग तो गुरुवार.

चौदावा झाल्यावर मृत्यूच्या दाखल्याच्या कामासाठी जुनं रेशनकार्ड हवं होतं म्हणून मी त्यांची ट्रंक उघडली. तळाशी सुतळीने बांधलेला पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. एका बाजूला छापलेले, दुसऱ्या बाजूला कोरे. लहानपणी मी अभ्यास यांवरच केला. बाबा छापखान्यातून तपासून झालेली प्रुफं आणायचे आणि आई मला कोऱ्या बाजूला गणितं घालून द्यायची. सगळ्यात वरच्या कागदावर माझ्या अक्षरात हातच्याच्या वजाबाक्या होत्या. काही बरोबर, काही चूक. मी बराच वेळ त्या बघत बसले. मग कागद उलटा केला. लहानपणी इतकी पानं गिरवली, पण त्यांची छापलेली बाजू बघितल्याचं मला आठवत नाही.

ते कुठल्याशा पाठ्यपुस्तकाचं प्रूफ होतं. एका वाक्यावर कुणीतरी, बहुतेक लेखकाने, आडवी रेघ मारून ते खोडलं होतं. त्या खोडलेल्या वाक्याखाली बाबांनी लाल पेनने ओळीने टिंबं दिली होती. समासात दोन शब्द लिहिले होते. "असू दे."

पुढचा कागद उलटला, त्याच्या पुढचा. जिथे जिथे खोडायला नको ते खोडलं गेलं होतं तिथे टिंबं होती. काही ठिकाणी समासात तेच दोन शब्द, काही ठिकाणी नुसतीच टिंबं. छापखान्यात सगळ्यांना माहीत असलेली खूण असणार. चुकून बाद केलेलं आहे, हे राहू द्या. खोडलेल्या मजकुरावर बरोबरची खूण कशी करणार? खोडलं ते बरोबरच आहे, असा त्याचा अर्थ झाला असता. बाबांना तिथे कळत नव्हतं असं नाही. मशीनने केलेली काट चूक आहे, ठिपका खरा आहे, असं ते मला सांगत होते. त्यांच्या हाताला ते दुसऱ्या कुठल्या खुणेने सांगता येत नव्हतं, आणि दुसरी कुठलीही खूण चालेल, असं मीच म्हणाले होते.

सोमवारी मी खालच्या खणातली सगळी पानं बाहेर काढली. टिंबांच्या जागा एक्काहत्तर निघाल्या. त्या जागांचे नंतरचे फोटो आता आमच्याकडे होते, त्यामुळे खरं काय ते तपासता येत होतं. मला तीन दिवस लागले. बावीस ठिकाणी बाबा चुकले होते. धूळ होती, तेजस्वी ताऱ्याच्या कडेचा डाग होता. उरलेल्या एकोणपन्नास ठिकाणी ठिपका खरा होता. त्यांतले बरेचसे दीर्घिकांच्या अगदी मधोमध होते. तिथे आधीच उजेड दाट असतो, वजाबाकी गढूळ होते आणि आमचं मशीन घाबरून सरसकट काट मारतं. ही खोड आमच्या गटाला उन्हाळ्यात कळली, बऱ्याच खटपटीनंतर, आणि ती शोधण्यात माझ्या त्याच सहकारीचे दोन महिने गेले. बाबांची पहिली टिंबं त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली आहेत. ती तिच्या खुर्चीपासून चार हातांवर, माझ्या खणात होती.

मी तिला बोलावून सगळं सांगितलं. खिळ्याचंही सांगितलं. ती पानं चाळत राहिली. मला वाटलं ती माझ्यावर रागावेल, आणि ते मला हवंही होतं.

"उस दिन अंकल समझ गए थे," ती म्हणाली. "मैं उनकू देख रही थी. तुम नहीं देख रहे थे."

त्या रविवारी ती माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाबांकडे तोंड करून होती. मी तिच्याकडे. हे बरोबर आहे.

पुढच्या बैठकीत मी खिळ्याची आणि टिंबांची, दोन्ही गोष्टी गटासमोर बोलले. एकाने पाण्याची बाटली पुढे सरकवली. बाबांच्या खुणा, चुकलेल्या आणि बरोबर आलेल्या सगळ्या, मी बसून भरल्या. मशीनला आता त्या दिल्या आहेत. हजारो लोकांच्या खुणांत त्या मिसळल्या आहेत आणि मशीन त्यांच्याकडून नेमकं काय शिकलं, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. पूर्वी मी त्यांना हौ म्हणायची तेव्हा ते खोटं होतं. आज ते खरं आहे आणि विचारणारं कोणी नाही. घरात सकाळी कधी मी मोठ्याने हौ म्हणून पाहिलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्या गुरुवारचं पान मी भरायला घेतलेलं नाही. ते खिडकीशी टेबलावर आहे, फूटपट्टीखाली. त्यावर सहा ओळी आहेत. पहिल्या ओळीवर फुली आहे. दुसऱ्या ओळीखाली टिंबं आहेत. चार ओळी राहिल्या आहेत.